रद्दीत न गेलेला आयर्लंड

बेलफास्टच्या लिनन हॉल वाचनालयाचा एक ग्रंथपाल फासावर गेला. त्याचं नाव थॉमस रसेल. १७८८ साली स्थापन झालेल्या या वाचनालयाची व्यवस्था १७९४पासून त्याच्याकडे होती, आणि तो ‘युनायटेड आयरिशमेन’ या संघटनेच्या संस्थापकांपैकीही एक होता. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांनी आपसातलं वैर सोडून एकत्र यावं, इंग्रजी सत्ता झुगारावी आणि फ्रान्ससारखं प्रजासत्ताक उभारावं, असं या मंडळींना वाटत होतं. १७९६च्या सप्टेंबरमध्ये रसेलला पकडलं. पुढच्या मे महिन्यात मोनाहन मिलिशियाचे सैनिक ‘नॉर्दर्न स्टार’ या संघटनेच्या वृत्तपत्राच्या कचेरीत घुसले आणि त्यांनी छापखान्याची नासधूस केली. १७९२पासून निघणारं हे पत्र कायमचं बंद पडलं. रसेलला १८०३ साली डाउनपॅट्रिक इथे फाशी दिलं.

आयर्लंडच्या रिपब्लिकन आणि डाव्या चळवळींच्या छापील कागदांची कहाणी अशी सुरू होते. तिचं पुढचं शतक-दीडशतक याच चालीनं गेलं. कोणीतरी पदरमोड करून पत्र काढायचं, सरकारनं ते बंद पाडायचं, दुसऱ्या नावानं ते पुन्हा निघायचं. हे कागद उद्यासाठी नव्हतेच. कारखान्याच्या फाटकावर वाटायचे, पबमध्ये पेला हातात असलेल्या माणसाच्या खिशात कोंबायचे, रात्री भिंतीवर चिकटवायचे. देशात निघालेल्या प्रत्येक प्रकाशनाची प्रत ग्रंथालयात जमा करण्याचा कायदा होता. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजला तो हक्क १८०१पासून होता, राष्ट्रीय ग्रंथालयाला १९२७पासून मिळाला. पण ज्या पत्रकावर छापखान्याचं नावच नाही, त्याची प्रत कोण जमा करणार? शिवाय असा कागद घरात सापडला तर तुरुंगाची वाट. म्हणून जे उरलं, त्यातलं बहुतेक कोणाच्या तरी हट्टामुळे उरलं.

जेम्स कॉनली हा एडिनबरोच्या गरीब आयरिश वस्तीत जन्मलेला मजूर. १८९६मध्ये त्यानं डब्लिनमध्ये आयरिश सोशलिस्ट रिपब्लिकन पार्टी काढली आणि १८९८च्या ऑगस्टमध्ये ‘वर्कर्स रिपब्लिक’ सुरू केलं. भांडवल म्हणजे ब्रिटिश मजूर पुढारी कीर हार्डी यांनी उसने दिलेले ५० पौंड. पत्राचा मजकूर लिहिण्यापासून खिळे जुळवण्यापर्यंत सगळं कॉनलीच्या गळ्यात. पैसे संपले की अंक थांबे, जमले की पुन्हा निघे. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यानं १९०८मध्ये ‘द हार्प’ काढलं आणि त्याच्या पहिल्या अंकांतच हिंदुस्थानातल्या असंतोषावर लेख लिहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. न्यूयॉर्कमधला एक आयरिश समाजवादी त्याच वर्षी आपल्याकडे डोळे लावून बसला होता, हे आज कळतं ते ‘द हार्प’चे अंक कोणीतरी टाकून दिले नाहीत म्हणून.

कामगार पुढारी जिम लार्किनचं ‘आयरिश वर्कर’ मात्र खरोखर खपलं. १९११पासून आठवड्याला वीसेक हजार प्रती जात. डब्लिनच्या गलिच्छ चाळींचे मालक, पगार कापणारे व्यापारी यांची नावं त्यात छापून येत. १९१४मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि डिसेंबरात सरकारनं हे पत्र आणि त्याच्या बरोबरीची राष्ट्रवादी पत्रं बंद पाडली. राष्ट्रवादी पत्रकार आर्थर ग्रिफिथनं यावर काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. ‘सिझर्स अँड पेस्ट’ या नव्या पत्रात त्यानं प्रामुख्यानं इतर वृत्तपत्रांतली, सेन्सॉरच्या नजरेखालून आधीच गेलेली कात्रणं शेजारी शेजारी लावली. सरकारनं तेही १९१५च्या मार्चमध्ये बंद केलं. कॉनलीचं ‘द वर्कर’ ग्लासगोत छापून चोरून आणावं लागे. तेही जप्त झालं. मग त्यानं लिबर्टी हॉलमध्ये, म्हणजे वाहतूक कामगारांच्या युनियनच्या कचेरीतच, एक जुनं यंत्र बसवलं आणि मे १९१५मध्ये ‘वर्कर्स रिपब्लिक’ पुन्हा सुरू केलं. १९१६च्या मार्चमध्ये पोलीस बंदी घातलेल्या अंकांच्या शोधात तिथे आले, तेव्हा कॉनलीनं पिस्तूल रोखून त्यांना परत पाठवलं.

याच यंत्रावर २३ एप्रिल १९१६ रोजी, ईस्टरच्या रविवारी, आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा छापला गेला. ख्रिस्तोफर ब्रेडी यंत्रावर होता; मायकेल मलॉय आणि विल्यम ओब्रायन हे दोघे कंपोझिटर. (हा ओब्रायन वेगळा. पुढे येणारा युनियनचा पुढारी दुसरा.) दाराशी कॉनलीच्या कामगार-दलाचा, म्हणजे सिटिझन आर्मीचा, सशस्त्र पहारा होता. यंत्र मोडकळीला आलेलं आणि खिळे अपुरे. काही दुसऱ्या छापखान्यातून उसने आणले होते. संपूर्ण मजकूर एकदम बसेना, म्हणून आधी वरचा अर्धा फर्मा जुळवून छापला, मग तेच खिळे सोडवून खालचा अर्धा जुळवला आणि ते कागद पुन्हा यंत्रावर चढवले. ‘ई’ हे अक्षर पुरेना, तेव्हा दुसऱ्याच वळणाचे ‘ई’ घातले. एके ठिकाणी ‘एफ’ला लाखेचा तुकडा जोडून त्याचा ‘ई’ केला. मूळ प्रतीवर ही जोडाजोड आजही डोळ्यांना दिसते. वरच्या आणि खालच्या भागातली शाई सारखी बसलेली नाही, ओळी थोड्या हललेल्या आहेत. ठरलेल्या संख्येपेक्षा प्रती कमीच निघाल्या, बहुधा हजाराच्या आसपास.

दुसऱ्या दिवशी उठाव झाला. बुधवारी तोफांनी लिबर्टी हॉलवर मारा केला. सैनिक आत शिरले तेव्हा जाहीरनाम्याचा खालचा अर्धा फर्मा यंत्रावर तसाच होता, आणि त्यांनी आठवण म्हणून त्याच्या काही प्रती काढून घेतल्या. पुढे आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झालेला शॉन टी. ओ’केली त्या दिवसांत जाहीरनामे भिंतींवर चिकटवत हिंडत होता. एक प्रत त्यानं टपालानं आईला धाडली. तीच पुढे संसद भवनात लागली. हजारांतल्या काही डझन प्रतीच आज शिल्लक आहेत. ज्या कागदावर एक राष्ट्र आपला जन्म मोजतं, त्याची ही गत.

१९१९ ते १९२१च्या स्वातंत्र्ययुद्धात ‘आयरिश बुलेटिन’ सायक्लोस्टाइल करून परदेशी पत्रकारांना आणि खासदारांना धाडलं जाई. १९२१च्या मार्चमध्ये ब्रिटिशांना त्याची कचेरी सापडली. त्यांनी यंत्रं आणि ग्राहकांच्या याद्या उचलल्या आणि त्याच नावाचे बनावट अंक काढून त्याच पत्त्यांवर पाठवले. त्या काळातले अंक हाताळताना अभ्यासकाला आजही खरा कोणता आणि खोटा कोणता हे पाहावं लागतं.

मग ब्रिटनशी झालेल्या करारावरून यादवी युद्ध. ३० जून १९२२ रोजी डब्लिनमधल्या फोर कोर्ट्सच्या आवारात प्रचंड स्फोट झाला आणि तिथल्या सरकारी दफ्तरखान्यातली सात शतकांची कागदपत्रं जळाली. अर्धवट जळके कागद शहरभर उडाले. करारविरोधी रिपब्लिकनांनी तिथे ठाण मांडलं होतं, नव्या सरकारच्या तोफा त्यांच्यावर रोखलेल्या होत्या. दोष कोणाचा यावर अजून वाद होतात. माझ्या मते त्या आगीचा एक परिणाम पुरेसा बोलला जात नाही. शिरगणत्या, मृत्युपत्रं, खटल्यांचे कागद असं सरकारी दफ्तर एवढ्या प्रमाणात गेल्यावर खासगी घरांत, युनियनच्या कपाटांत, पक्षांच्या कचेऱ्यांत पडलेल्या कागदांचं मोल आपोआप वाढलं. तरी ते ओळखायला देशाला बराच काळ लागला.

उलट नव्या आयर्लंडमध्ये डाव्या कागदांचे दिवस आणखी कठीण आले. १९३३च्या मार्चअखेर डब्लिनच्या ग्रेट स्ट्रँड स्ट्रीटवरच्या कॉनली हाउसला, कम्युनिस्टांच्या कचेरीला, धार्मिक प्रवचनांनी पेटलेल्या जमावानं ओळीनं तीन रात्री वेढा घातला आणि अखेर इमारतीला आग लावली. इंग्रजांनी नव्हे, डब्लिनच्या शेजाऱ्यांनीच. १९३९च्या ‘राज्याविरुद्धच्या गुन्ह्यां’च्या कायद्यानं राजद्रोही किंवा बेकायदा संघटनेशी संबंधित कागद नुसता जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरला. सीमेपलीकडे, ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये १९२२च्या विशेषाधिकार कायद्याखाली पत्रांवर बंदी येई. ज्याच्या घरात जुने अंक होते, त्यानं पोलिसांची चाहूल लागताच ते चुलीत घालावेत हेच शहाणपण होतं. कितीतरी लोकांनी तेच केलं, आणि त्यांना बोल कसा लावायचा?

या सगळ्यात एका माणसानं जमवत राहण्याचं काम सोडलं नाही. विल्यम ओब्रायन, कॉनलीचा मित्र आणि वाहतूक कामगार युनियनचा दीर्घकाळचा सरचिटणीस. कॉनलीचे कागद, मजूर चळवळीची पत्रं, पत्रकं, कात्रणं त्यानं आयुष्यभर सांभाळली. १९६८मध्ये तो वारला. त्याचा संग्रह आज राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आयरिश मजूर चळवळीवर लिहिणारा प्रत्येक जण त्याच्या ऋणात आहे. मात्र हाच ओब्रायन लार्किनचा हाडवैरी होता. १९२४मध्ये त्या वैरातून युनियन फुटली. कॉनलीच्या पश्चात त्याचा वारसदार कोण, हा त्या भांडणातला कळीचा प्रश्न होता आणि कॉनलीचे कागद एका बाजूच्या कपाटात होते. जमवणारा माणूस भांडणातलाच असेल तर त्याच्या संग्रहालाही बाजू असते. त्या काळात कागद भांडणातल्या माणसांनीच जपले, हे मान्य करूनच ते वाचायचे.

ओब्रायन गेला त्याच १९६८ साली बेलफास्टमध्ये वेगळ्या प्रकारच्या जतनाची सुरुवात झाली. उत्तर आयर्लंडमध्ये घरवाटप, मतदान, नोकऱ्या यांतल्या कॅथलिकविरोधी भेदभावाविरुद्ध नागरी हक्क चळवळ उभी राहत होती. लिनन हॉल वाचनालयाचे ग्रंथपाल जिमी व्हिटी शहरातल्या एका बारमध्ये बसले असताना कोणीतरी त्यांच्या हातात या चळवळीचं पत्रक दिलं. त्यांनी ते खिशात घातलं, वाचनालयात आणलं आणि ठेवून दिलं. मग दुसरं, तिसरं. अशा तऱ्हेनं ‘नॉर्दर्न आयर्लंड पोलिटिकल कलेक्शन’ जन्माला आलं. आज त्यात अडीच लाखांहून अधिक वस्तू आहेत: पुस्तकं, पुस्तिका, साप्ताहिकं, भित्तिपत्रकं, बिल्ले, निवडणुकीची पत्रकं.

पुढची तीस वर्षं साडेतीन हजार बळी घेणाऱ्या संघर्षाची होती. बेलफास्टच्या मध्यभागाभोवती पोलादी फाटकं लागली, आत शिरणाऱ्याची अंगझडती होई, पिशव्या उपसून पाहिल्या जात. अशा शहराच्या मधोमध, नगरभवनासमोर, हे वाचनालय सर्वांचे कागद घेत राहिलं. प्रोव्हिजनल रिपब्लिकनांचं ‘रिपब्लिकन न्यूज’ आलं, तसंच ब्रिटिशनिष्ठ यूव्हीएफचं ‘कॉम्बॅट’ आणि यूडीएचं ‘अल्स्टर’ही आलं. सरकारी जाहिराती आल्या, चर्चची निवेदनं आली. एकमेकांना मारणाऱ्या संघटनांचे अंक एकाच फडताळात बसले. या निर्णयाचा मला सर्वांत जास्त आदर वाटतो. तिथल्या ग्रंथपालांची मतंही काही कमी तीव्र नसतील. पण कागद घेताना त्यांनी देणाऱ्याला ‘तू कुणाचा’ असं विचारलं नाही, आणि म्हणून दोन्ही वस्त्यांतल्या लोकांचा विश्वास बसला. हे वाचनालय लोकवर्गणीवर चालणारं होतं, १९८०च्या सुमाराला तर बंद पडायच्या बेतात आलं होतं. लोकांनीच ते तगवलं.

या काळात छापील कागदाला एवढं महत्त्व का आलं, याचं एक सरळ कारण आहे. दक्षिणेत प्रसारण कायद्याच्या कलम ३१ खाली प्रोव्हिजनल रिपब्लिकनांच्या सिन फेन या पक्षाच्या प्रतिनिधींना रेडिओ-दूरचित्रवाणीवर बंदी होती. ती १९९४च्या जानेवारीत उठली. ब्रिटननं १९८८मध्ये आपलीही बंदी आणली, तेव्हा पडद्यावर सिन फेनचे पुढारी जेरी अ‍ॅडम्सचे ओठ हलत आणि आवाज एखाद्या नटाचा येई. मग रिपब्लिकन गटांचं म्हणणं कुठे वाचायचं? ‘अन फोब्लाख्त’मध्ये. ‘युनायटेड आयरिशमन’मध्ये. ‘स्टारी प्लाऊ’मध्ये. तेही रस्त्यावर विकत घेऊन.

आणि पक्ष फुटत होते. १९६९-७०मध्ये रिपब्लिकन चळवळ ऑफिशियल आणि प्रोव्हिजनल अशी दुभंगली. ऑफिशियलमधून १९७४मध्ये आयरिश रिपब्लिकन सोशलिस्ट पार्टी निघाली. उरलेल्या ऑफिशियल पक्षानं १९७७मध्ये नाव बदललं, १९८२मध्ये पुन्हा बदलून ‘वर्कर्स पार्टी’ झाला, १९९२मध्ये त्यातून ‘डेमोक्रॅटिक लेफ्ट’ फुटली आणि ती १९९९मध्ये लेबर पक्षात विरली. बाजूला पीपल्स डेमोक्रसी, ट्रॉट्स्कीवादी गट, माओवादी गट, स्त्रीमुक्तीच्या संघटना. प्रत्येकाचं एक पत्र. काहींचे चारच अंक निघाले.

जिंकलेल्या पक्षाचा इतिहास पक्षच लिहितो. विरून गेलेल्या पक्षाचं म्हणणं मात्र त्याच्या पुस्तिकेत उरतं, नाहीतर उरतच नाही. १९७७ची ‘द आयरिश इंडस्ट्रियल रिव्होल्यूशन’ ही पुस्तिका घ्या. आधी परकीय भांडवलाविरुद्ध बोलणारा ऑफिशियल पक्ष तीत सांगतो की आयर्लंडच्या मागासलेपणाला देशी मालकवर्गच जबाबदार आहे आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांचे कारखाने कामगारवर्ग वाढवतात, तेव्हा ते येऊ द्यावेत. एवढी मोठी कोलांटी पक्षानं कधी आणि कोणत्या युक्तिवादानं घेतली, हे पुढाऱ्यांच्या नंतरच्या मुलाखतींतून कळलं नसतं. ब्रायन हॅन्ली आणि स्कॉट मिलर यांचं २००९मधलं ‘द लॉस्ट रिव्होल्यूशन’ हे ऑफिशियल आयआरए आणि वर्कर्स पार्टीचं चरित्र अशाच कागदांच्या आणि असंख्य मुलाखतींच्या आधारे उभं राहिलं. दुसऱ्या बाजूला, १९७५पासून लाँग केश तुरुंगातून ‘ब्राउनी’ या टोपणनावानं ‘रिपब्लिकन न्यूज’मध्ये लेख येत होते. त्यांतले बहुतेक अ‍ॅडम्सचे. नुसत्या बंदुकीवर भागणार नाही, वस्त्यांमध्ये राजकीय काम उभं केलं पाहिजे, हा विचार त्या लेखांत हळूहळू आकार घेताना दिसतो. निवडणुकीची वाट पुढे प्रत्यक्ष धरली गेली, त्याच्या कितीतरी आधी.

हे कागद सांभाळणं नाजूक काम आहे. वर्तमानपत्री कागदात आम्ल असतं. तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. स्टेपलच्या पिना गंजून भोवतालचा कागद खातात. सायक्लोस्टाइलची शाई फिकटते. आणि पुष्कळ पत्रकांवर तारीखच नसते. मग किंमत पाहायची. शिलिंग-पेन्समध्ये असेल तर ती बहुधा १५ फेब्रुवारी १९७१च्या आधीची, कारण त्या दिवशी दोन्ही देशांत दशमान नाणी आली. किंमत नसेल तर सभेचा वार आणि तारीख जुळवून वर्ष काढायचं. पक्षाचं नाव कोणतं छापलंय, पत्ता कोणत्या गल्लीचा आहे, यांवरून फूट पडण्याआधीचा कागद की नंतरचा हे ठरतं.

कागद जपणं आणि माणसांना बोलतं करणं यांतला फरक बॉस्टन कॉलेजच्या प्रकरणानं दाखवला. २००१पासून तिथल्या प्रकल्पात जुन्या सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती, मृत्यूनंतरच उघडायच्या अशा वचनावर, ध्वनिमुद्रित झाल्या. २०११मध्ये पोलिसांच्या मागणीवरून अमेरिकी न्यायालयीन आदेश निघाले, आणि वचन टिकलं नाही. १९४७ ते १९५७ या काळात आयरिश सरकारनं घेतलेल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या १,७७३ साक्षी २००३पर्यंत कुलपात राहिल्या, म्हणून त्यांचं तसं झालं नाही. छापील अंकाला असं वचन लागत नाही. जो एकदा रस्त्यावर विकला गेला, त्यात लपवण्यासारखं फारसं उरत नाही.

आता स्कॅनर आले. अल्स्टर विद्यापीठातल्या ‘केन’ या संग्रहानं १९९०च्या दशकातच संघर्षाचे दस्तऐवज संगणकावर खुले केले. २०१९मध्ये पैशांअभावी त्याच्यावरही गंडांतर आलं आणि जगभरच्या अभ्यासकांनी आवाज उठवला. लिनन हॉलनं १९९०च्या दशकातली नियतकालिकं ‘डिव्हायडेड सोसायटी’ या नावानं खुली केली. ‘आयरिश लेफ्ट आर्काइव्ह’ तर स्वयंसेवकांच्या बळावर चालतं. लोक माळ्यावरचे खोके आणून देतात, एकेक पत्रक स्कॅन होतं, कोणत्या पक्षाचं, कधीचं, कशाच्या संदर्भातलं याची टीप जोडली जाते. कॉर्कच्या विद्यापीठात ‘अ‍ॅटिक प्रेस’चा आणि स्त्री चळवळीचा संग्रह आहे. डब्लिनमध्ये बेगर्स बुश इथे मजूर इतिहासाचं संग्रहालय १९७३मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लेबर हिस्टरी सोसायटीनं उभं केलं.

सत्तरच्या दशकात चौकात उभं राहून अंक विकणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. तिची घरं मुलं-नातवंडं रिकामी करत आहेत. पुस्तकं निदान जुन्या बाजारात जातात. चार पानी, पिन निसटलेला, १९७३च्या एखाद्या शाखेचा अंक थेट कचऱ्यात जातो. राष्ट्रीय ग्रंथालय २०११पासून निवडक संकेतस्थळं साठवू लागलं आहे, पण त्याआधीच्या दशकात लहान पक्षांनी आणि शाखांनी जे केवळ संगणकावर लिहिलं त्याला ना माळा होता ना खोका. म्हणून या स्वयंसेवकांचं मागणं दोन गोष्टींचं असतं. खोका फेकण्याआधी एकदा कळवा. आणि ज्यांनी तो भरला ते हयात असतील तोवर त्यांच्याकडून एवढं लिहून घ्या, की हा अंक कोणी काढला, कुठे छापला आणि कोणत्या दारात विकला.